राजाचा अंत्यविधी, शासकीय इतमाम आणि अंत्यदर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचा अंत्यविधी ठाण्यातल्या घराघरांत दूरचित्रवाणीवर पाहिला गेला, आणि तेव्हापासून आमच्या इतिहास अभ्यासवर्गात या विषयावरचे प्रश्न थांबलेले नाहीत. कोणी शिवकाळाबद्दल विचारतो, कोणी शासकीय इतमामाचे नियम विचारतो, तर वाशी-नेरूळकडून येणाऱ्या मंडळींना शिवाजी पार्कवर अंत्यदर्शनाला कसे पोहोचायचे हे जाणून घ्यायचे असते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

राजाच्या अंत्यविधीत आणि सामान्य माणसाच्या अंत्यविधीत मूळ फरक कोणता?

धर्मविधीपुरते पाहिले तर फरक थोडा असतो. तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र, मंत्राग्नी, अस्थिसंचय, दहाव्याचा पिंड आणि कावळ्याची वाट पाहणे हे राजवाड्यातही चुकत नसे आणि चाळीतही चुकत नाही. फरक पडतो तो मृत्यूच्या परिणामात. घरातला कर्ता पुरुष गेला तर एक घर उघडे पडते. राजा गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आज्ञापत्र कोणाच्या नावाने सुटणार, किल्ल्याचा दरवाजा कोणाच्या सांगण्यावरून उघडणार आणि फौजेचा पगार कोण देणार, हे सगळेच प्रश्न एकदम उभे राहतात. म्हणून जगभरातल्या राजकीय अंत्यविधींत दोन गोष्टी हटकून दिसतात: मृत्यू झाला आहे हे सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करणे आणि गादी क्षणभरही रिकामी राहिलेली नाही हे दाखवणे. बाकीचा थाटमाट, घोडे, वाद्ये आणि निशाणे या दोन कामांच्या आधाराने उभी असतात. पुढची बहुतेक उत्तरे याच दोन गोष्टींकडे येतात.

गादी रिकामी राहू नये म्हणून नेमके काय करत असत?

याचे सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये घडले. १ जून २००१ रोजी काठमांडूच्या राजवाड्यात राजे वीरेंद्र यांच्यासह राजघराण्यातील अनेकांची हत्या झाली. या हत्याकांडाचा ठपका ज्यांच्यावर ठेवला गेला ते युवराज दीपेंद्र रुग्णालयात बेशुद्धावस्थेत होते, तरीही वारसाहक्काने त्यांनाच राजे म्हणून घोषित करण्यात आले. ४ जूनला त्यांचा मृत्यू झाल्यावर त्याच दिवशी काका ज्ञानेंद्र गादीवर बसले. शुद्धीवर नसलेला राजा चालतो, पण राजा नाही असे चालत नाही, इतका हा नियम कडक होता.

ब्रिटनमध्ये ८ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्मोरल येथे राणीचे निधन झाले त्याच क्षणी चार्ल्स राजे झाले. दोन दिवसांनी झालेली घोषणा हा निव्वळ जाहीर उच्चार होता. राजस्थानातल्या संस्थानांत बाराव्या दिवशी वारसाला पगडी बांधण्याचा दस्तूर आजही पाळला जातो, जरी त्या पगडीमागे आता राज्य उरलेले नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर काय घडले?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर दिले पाहिजे, कारण गादीचा पेच किती खरा असतो हे आपल्याच इतिहासात येथे दिसते. चैत्र शुद्ध पौर्णिमेला, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे रायगडावर निधन झाले. थोरले पुत्र संभाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यावर होते. गडावर होते ते दहा वर्षांचे राजाराम. गडाचे दरवाजे बंद करण्यात आले, निधनाची वार्ता बाहेर जाऊ नये याची खबरदारी घेण्यात आली आणि अंत्यसंस्कार गडावरच उरकण्यात आले. ज्या राजाच्या राज्याभिषेकाला सहा वर्षांपूर्वी याच गडावर हजारोंचा मेळा जमला होता, त्याच्या अंत्ययात्रेला प्रजा नव्हती, याचे कारण दुःखाचा अभाव नसून वारशाचा पेच हे होते. आमच्या मते महाराजांच्या चरित्रातले हे पान जितके वाचले जायला हवे तितके वाचले जात नाही.

त्याच एप्रिल महिन्यात दरबारातल्या एका गटाने राजारामांचे मंचकारोहण करवले, म्हणजे त्यांना गादीवर बसवले. मात्र सरसेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले, जूनमध्ये संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. निधन आणि विधिवत राज्याभिषेक यांच्यामध्ये नऊ महिन्यांहून अधिक काळ गेला. महाराजांची समाधी रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरालगत आहे. गडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तोच, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे निधन झाले होते. ठाण्याहून रायगडाला जाणारी बहुतेक वाहने पाचाडवरूनच वर चढतात, पण तेथे थांबणारे कमी.

परमुलखात राजाचे निधन झाले तर काय करत?

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची कथा यासाठी सांगण्याजोगी आहे. इंग्लंडचा प्रवास करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. त्या शहरात दहनाची प्रथा नव्हती. पण हिंदू रीतीप्रमाणे नदीसंगमावर दहन झाले पाहिजे असा सोबतच्या मंडळींचा आग्रह होता, आणि नगरपालिकेने परवानगी दिल्यावर आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचण्यात आली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारून तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. फ्लॉरेन्सचे लोक त्या परिसराला आजही ‘भारतीयाची जागा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. पंचगंगेच्या काठचा राजा आर्नोच्या काठी विसावला, तरी विधीसाठी शोध घेतला गेला तो संगमाचाच.

राजर्षी शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी मुंबईत झाले, मात्र अंतर हाताशी असल्याने पार्थिव कोल्हापूरला नेऊन तेथे अंत्यसंस्कार करण्यात आले.

समाधी, छत्री आणि वीरगळ यांत फरक काय?

समाधी म्हणजे दहनाच्या किंवा दफनाच्या जागी बांधलेले स्थान; त्यावर कधी तुळशीवृंदावन असते, कधी शिवलिंग. छत्री ही त्यावर किंवा स्मरणार्थ उभारलेली घुमटाची वास्तू. पुण्यात वानवडीला १२ फेब्रुवारी १७९४ रोजी निधन पावलेल्या महादजी शिंद्यांची छत्री आहे, तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा संगमावर साताऱ्याचे छत्रपती, संभाजीराजांचे पुत्र शाहू महाराज यांची समाधी आहे.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, ही गोष्ट मात्र वेगळी, आणि ठाणेकरांना ती पाहायला दूर जावे लागत नाही. घोडबंदर मार्गाने बोरिवलीकडे गेले की एकसर येथे शिलाहार राजवटीच्या अखेरच्या काळातले वीरगळ उभे आहेत. शिलाहारांच्या काळी ठाणे म्हणजे श्रीस्थानक हे उत्तर कोकणाचे मोठे राजकीय केंद्र होते. हे दगड खालून वर वाचायचे असतात. तळाच्या पट्टीत लढाई असते. एकसरच्या काही दगडांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. त्याच्या वर अप्सरा पडलेल्या वीराला उचलून नेत असतात, आणि सर्वांत वर तो कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. मृताचे नाव दगडावर नसले तरी तो कसा गेला आणि कोठे पोहोचला, हे निरक्षर माणसालाही कळावे अशी ही व्यवस्था होती. राजाची छत्री त्याच्या वंशाची खूण असते. वीरगळ त्याच्यासाठी मेलेल्या माणसाची.

राजघराण्यात सती जाण्याची रीत सक्तीची होती का?

धर्माज्ञा म्हणून सक्ती नव्हती, पण राजकारणाचे आणि प्रतिष्ठेचे दडपण अनेकदा सक्तीहून कमी नसे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराजांचे निधन झाल्यावर राणी सकवारबाई सती गेल्या, आणि त्यामागे वारशाच्या भांडणातून आलेले दडपण होते असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. १७७२ मध्ये थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांबरोबर रमाबाई सती गेल्या, त्यांचे वृंदावन तेथे आहे. दुसरीकडे पती रणांगणावर पडल्यावर सासऱ्यांनी विनवून थांबवलेल्या अहिल्याबाईंनी पुढे जवळजवळ तीन दशके होळकरांचे राज्य चालवले. बंगाल इलाख्यात १८२९ मध्ये आणि त्यानंतर लगेच मुंबई इलाख्यात ही प्रथा कायद्याने बंद झाली. १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला आहे, त्यामुळे अशा स्थळी माहिती सांगताना भाषा जपून वापरावी.

ब्रिटनच्या राणीच्या अंत्यविधीत शवपेटी घोड्यांऐवजी माणसे का ओढत होती?

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेत विंडसर येथे तोफगाड्याचा घोड्यांना जोडलेला साज तुटला, तेव्हा जवळ उभ्या असलेल्या नौदलाच्या खलाशांनी दोर लावून तो गाडा ओढत नेला. अडचणीतून निघालेला हा तोडगा पुढे परंपरा झाला आणि २०२२ मध्ये १४२ खलाशांनी तोच मान बजावला. आपल्याकडे ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचे पार्थिव नेणारे लष्करी वाहनही इंजिन बंद ठेवून जवानांनी दोरांनी ओढले होते. आयुष्यभर अहिंसा सांगितलेल्या माणसाची अंत्ययात्रा शस्त्रवाहू गाडीवरून निघाली, ही विसंगती तेव्हाही अनेकांना खटकली होती आणि ती खटकणे योग्यच होते.

शवपेटीवरचा मुकुट शेवटी काढून का घेतात?

राजचिन्हे राज्याची असतात, व्यक्तीची नसतात म्हणून. विंडसरच्या प्रार्थनामंदिरात मुकुट, सोन्याचा राजगोल आणि राजदंड राणीच्या शवपेटीवरून उचलून वेदीवर ठेवण्यात आले. त्यानंतर राजगृहाच्या मुख्य अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराची पांढरी काठी मोडून शवपेटीवर ठेवली, कारण ज्या व्यक्तीकडे तो चाकरी करत होता, तिच्याकडची चाकरी आता संपली होती. मग शवपेटी खाली उतरवण्यात आली.

ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यात हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे मांडली जाते. व्हिएन्नातील कापुचिन मठाच्या तळघरात या घराण्याचे दफन होते. जुलै २०११ मध्ये शेवटचे युवराज ओटो यांची शवपेटी तेथे आली तेव्हा दारावर काठीने ठोठावण्यात आले. आतून साधूने विचारले, “कोण आत येऊ इच्छितो?” बाहेरून सगळ्या राजपदव्या वाचण्यात आल्या, उत्तर आले, “आम्ही त्याला ओळखत नाही.” दुसऱ्यांदा त्यांची विद्वत्ता, संसदेतील कार्य आणि सन्मान वाचले गेले, तेच उत्तर. तिसऱ्यांदा फक्त “ओटो, एक मर्त्य, पापी मनुष्य” असे सांगितले, तेव्हा दार उघडले. हा विधी ठरवून लिहिलेला आहे आणि त्यात नाट्य आहे, हे खरे. पण दारापाशी उभ्या असलेल्या वारसांना ते ऐकावे लागते, यातच त्याचा उपयोग आहे.

पूर्वेकडच्या राजघराण्यांत आपल्या रीतींशी जुळणारे काही आढळते का?

पुष्कळ आढळते. थायलंडचे राजे भूमिबोल यांचे निधन १३ ऑक्टोबर २०१६ रोजी झाले आणि दहन २६ ऑक्टोबर २०१७ रोजी, म्हणजे वर्षभराच्या दुखवट्यानंतर. मधल्या काळात बँकॉकच्या राजवाड्यात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी येऊन वंदन केले. काळ्या कपड्यांचा इतका तुटवडा पडला की लोकांनी असलेले कपडे काळे रंगवून घेतले. दहनासाठी उभारलेला मंडप मेरुपर्वताचे प्रतीक असतो, कारण राजा देवलोकातून आला आणि तेथेच परत जातो ही हिंदू-बौद्ध कल्पना त्यामागे आहे. तेथील जुन्या रीतीप्रमाणे राजाचे पार्थिव उंच कलशात बसलेल्या स्थितीत ठेवत. हे ऐकून आपल्याकडच्या वाचकांना लिंगायत समाजातील बसवून दफन करण्याची रीत आठवते, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झालेल्या लोकमान्य टिळकांची गिरगाव चौपाटीकडे निघालेली, पद्मासनात बसवलेल्या पार्थिवाची अंत्ययात्राही.

नेपाळमध्ये अकराव्या दिवशी ‘कट्टो’ नावाचा विधी होत असे. एका ब्राह्मणाला राजाचे कपडे, राजाच्या वापरातल्या वस्तू आणि निषिद्ध अन्न देऊन हत्तीवर बसवत आणि काठमांडूच्या खोऱ्याबाहेर पाठवत. मृत राजाचा आत्मा त्याच्यासोबत राज्य सोडून जातो अशी समजूत. २००१ मध्ये राजे वीरेंद्रांसाठीही हा विधी झाला. आपल्याकडे अकराव्याला शय्या, छत्री, जोडे दान देण्याची आणि ते दान घेणाऱ्याला टाळण्याची जी जुनी रीत होती, तिचे हे राजेशाही रूप म्हणता येईल. दान घेणाऱ्याच्या वाट्याला आलेली अवहेलना दोन्हीकडे सारखीच होती.

जपानमध्ये सम्राटांचे दफन करण्याची साडेतीनशे वर्षांची रीत होती, पण थडग्यासाठी जागा आणि खर्च कमी लागावा म्हणून तत्कालीन सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी यांनी स्वतःसाठी दहनाची इच्छा व्यक्त केली व २०१३ मध्ये तसा निर्णय जाहीर झाला.

सगळ्याच राजांचे अंत्यविधी असे भव्य असतात का?

नाही. सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला यांचे २३ जानेवारी २०१५ रोजी निधन झाले आणि त्याच दिवशी रियाधच्या सार्वजनिक दफनभूमीत, साध्या कापडात गुंडाळून, नाव नसलेल्या कबरीत त्यांचे दफन झाले. झेंडा अर्ध्यावरही आणला नाही, कारण त्यावर कलमा, म्हणजे इस्लामचे श्रद्धावचन, लिहिलेला आहे.

राजेशाही नसलेल्या भारतात ‘शासकीय इतमाम’ कोणाला मिळतो?

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशा पदांवरील व्यक्तींसाठी ठरलेली पद्धत आहे. इतरांबाबत राज्य सरकार निर्णय घेते आणि त्याची अंमलबजावणी राजशिष्टाचार विभाग, जिल्हाधिकारी व पोलीस यांच्यामार्फत होते. तो कोणाचा हक्क नव्हे. पद्म पुरस्कार मिळाला म्हणजे इतमाम आपोआप मिळतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी कधीही शासकीय पद घेतले नव्हते, तरी १८ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांच्यासाठी आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्योगपती रतन टाटा यांच्यासाठीही तसाच निर्णय झाला.

आणि इतमाम हा शेवटी सरकारने द्यायचा मान आहे. लोकांनी द्यायचा मान त्याच्या आधीही असतो आणि नंतरही. ऑगस्ट २००१ मध्ये आनंद दिघे यांचे निधन झाले तेव्हा ठाण्याचे रस्ते कसे भरले होते, हे त्या पिढीतल्या कोणत्याही ठाणेकराला विचारावे.

शासकीय इतमामात प्रत्यक्ष काय काय होते? एकवीस तोफा खरोखर उडवतात का?

पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरतात. त्यातला केशरी पट्टा डोक्याकडे असावा लागतो. सशस्त्र पोलिसांची तुकडी सलामी देते, मग शस्त्रे उलटी धरून नतमस्तक उभी राहते. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही धून वाजते आणि बंदुकांच्या फैरी हवेत झाडल्या जातात. बातम्यांत सर्रास ‘एकवीस तोफांची सलामी’ असे छापून येते, परंतु राज्य पातळीवरच्या बहुतेक अंत्यविधींत तोफ नसतेच. असतात त्या पोलिसांच्या बंदुका आणि बिनगोळीची काडतुसे. लहान मुले सोबत असतील तर आवाजाची कल्पना त्यांना आधी द्यावी.

अग्नी देण्यापूर्वी ध्वज उतरवून घडी घालतात. तो चितेवर जाळता येत नाही आणि कबरीतही उतरवता येत नाही. यापुढचे धार्मिक विधी कुटुंबाच्या रीतीप्रमाणे होतात व त्यात शासन हस्तक्षेप करत नाही.

आमच्या आजोबांच्या किंवा संस्थेच्या अध्यक्षांच्या पार्थिवावर आम्ही तिरंगा पांघरू शकतो का?

नाही. शासकीय इतमाम किंवा सैन्य व निमलष्करी दलांचा अंत्यविधी सोडून इतर कोठेही राष्ट्रध्वज असा पांघरणे हा १९७१ च्या कायद्याने राष्ट्रध्वजाचा अवमान ठरतो. भावना कितीही शुद्ध असली तरी. संस्थेचा किंवा पक्षाचा ध्वज, वारकऱ्याच्या घरी भगवी पताका किंवा साधी शाल चालते.

दुखवट्यात ध्वज अर्ध्यावर कसा आणतात? दुखवटा म्हणजे सुटी का?

ध्वज आधी पूर्ण वर चढवून मग अर्ध्यावर आणायचा आणि संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा वरपर्यंत नेऊन मगच उतरवायचा, असा नियम आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात ही पायरी नेमकी विसरली जाते. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान यांच्यासाठी देशभर, तर राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्यासाठी त्या राज्यात ध्वज अर्ध्यावर येतो. राणी एलिझाबेथ यांच्यासाठी भारताने ११ सप्टेंबर २०२२ हा एक दिवस पाळला; डॉ. मनमोहन सिंग यांच्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये सात दिवसांचा दुखवटा होता. त्या काळात शासकीय करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. सुटी वेगळी जाहीर व्हावी लागते. लतादीदींच्या निधनानंतर ७ फेब्रुवारीला महाराष्ट्रात ती झाली होती.

अंत्यदर्शनाला इतके महत्त्व का? दूरचित्रवाणीवर सगळे दिसतेच की.

लंडनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये हाच प्रश्न रांगेतल्या लोकांना विचारला जात होता. १४ तारखेच्या संध्याकाळपासून १९ तारखेच्या पहाटेपर्यंत वेस्टमिन्स्टर सभागृह रात्रंदिवस उघडे होते. थेम्सच्या काठाने काही मैल लांब रांग लागली, प्रतीक्षा कधी कधी चोवीस तासांच्या घरात गेली आणि सुमारे अडीच लाख लोक शवपेटीसमोरून गेले. प्रत्येकाच्या वाट्याला आले ते काही क्षण. पहारेकरी दर वीस मिनिटांनी बदलत. काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला की रांग थबके, आणि त्या वेळी नेमका पेटीसमोर असलेला माणूस स्वतःला भाग्यवान समजे.

आपल्याकडे याहून मोठे उदाहरण आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, पार्थिव विमानाने मुंबईत आणून दादरच्या ‘राजगृह’ या त्यांच्या घरी ठेवण्यात आले आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. लाखो लोक आले. तेथे गादी नव्हती, शासनाचा आदेश नव्हता, राजघराण्याचा वारस नव्हता; पण त्या समुदायाने आपणच वारस आहोत हे चितेसमोर बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दाखवून दिले. राजांच्या अंत्यविधीत वारस ठरवण्याचे जे काम दरबारी करत, ते येथे दर्शनाला आलेल्या माणसांनी केले. अंत्यदर्शन म्हणजे निव्वळ पाहणे नव्हे, हे यावरून कळावे.

ठाणे-नवी मुंबईहून दादरला अंत्यदर्शनासाठी जायचे झाल्यास काय लक्षात ठेवावे?

स्वतःची गाडी नेऊ नये. शिवाजी पार्ककडचे रस्ते सकाळीच बंद होतात. ठाण्याहून दादर लोकलने सरळ आहे, वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी. दादरला पश्चिमेकडून बाहेर पडून चालत जावे. रविवार असेल तर मेगाब्लॉक पाहून निघावे: लतादीदी गेल्या त्या दिवशी ठाणे-दिवा पट्ट्यात नव्या मार्गिकांसाठी मोठा ब्लॉक होता आणि कळवा-मुंब्र्याकडच्या लोकांचे त्यामुळे हाल झाले. जवळ पाणी, रोजची औषधे आणि ओळखपत्र असावे. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. पुष्पचक्र वाहण्याचा मान सहसा मान्यवरांकडे असतो, म्हणून आपण सुटी फुले न्यावीत. तीही पार्थिवावर फेकू नयेत, समोर ठेवावीत.

पार्थिवासमोर कसे वागावे?

पांढरे किंवा फिके कपडे, पायातले जोडे बाहेर, मोबाइल बंद. समोर आल्यावर हात जोडावेत, दोन पावले पुढे सरकावे आणि मागच्याला जागा द्यावी. चरणस्पर्श कुटुंबीयांनी परवानगी दिली असेल तरच. पार्थिवासोबत स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्यांना आता स्वयंसेवक हाताला धरून बाहेर काढतात, आणि आमची त्यांना पूर्ण संमती आहे. घरच्यांशी बोलायची वेळ आली तर “कसे झाले?” हा प्रश्न विचारू नये, सकाळपासून त्यांनी त्याचे उत्तर शेकडो वेळा दिलेले असते.

मृत व्यक्ती वेगळ्या धर्माची असेल तर त्यांची रीत पाळावी. ख्रिस्ती प्रार्थनेच्या वेळी इतर उठतील तेव्हा उठावे. मुस्लिम जनाजा लवकर निघतो, म्हणून निरोप मिळताच निघावे. फुलांपेक्षा खांदा देण्याला तेथे मोल आहे. पारशी समाजात ठरावीक विधींनंतर पार्थिवाचे मुख इतर धर्मीयांना दाखवत नाहीत, हे माहीत नसल्याने अनेकदा गैरसमज होतो.

प्राण्यांनाही अंत्ययात्रेत मान मिळाल्याचे ऐकतो, ते खरे का?

खरे आहे. १९१० मध्ये ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांच्या शवपेटीमागून त्यांचा सीझर नावाचा कुत्रा चालत गेला, आणि तो अनेक परदेशी राजांच्या पुढे होता, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. आपल्याकडे संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात.

अंत्यविधीला पोहोचता आले नाही तर नंतर भेटायला कधी जावे?

दहाव्याच्या आधी कोणत्याही दिवशी, शक्यतो सकाळी किंवा दिवेलागणीपूर्वी. तिसऱ्या दिवशी घरचे पुरुष अस्थिसंचयाला आणि ठाण्यातली कित्येक कुटुंबे पुढे अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलेली असतात, म्हणून आधी फोन करावा. चहाची अपेक्षा ठेवू नये. सुतकात चूल शेजारच्यांवर असते. उलट डबा न्यायचा असेल तर पिठले-भात किंवा साधी खिचडी न्यावी, गोड नको. दहा-पंधरा मिनिटे बसावे, बोलण्यासारखे नसेल तर न बोलता बसावे. निघताना “येतो” म्हणायचे नसते आणि घरचेही “या” म्हणत नाहीत; नुसती मान हलवून उठावे. तेराव्याचे बोलावणे फोनवर आले, पत्रिका आली नाही, म्हणून राग धरू नये. त्या जेवणाला जाणे हे कुटुंबाला सुतकातून बाहेर काढणे असते, त्यामुळे शक्य असेल तर टाळू नये.